कंपनीतून कमी केलंय? आधी कागद, मग गेट, कोर्स त्यानंतर : नाशिकच्या कामगारासाठी मार्गदर्शक

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मंदीची चाहूल लागते ती ओव्हरटाइम बंद होण्यातून. मग तिसरी पाळी बंद होते. ठेकेदाराच्या पोरांना ‘सोमवारपासून येऊ नका’ असा निरोप जातो आणि शेवटी परमनंट कामगारांच्या नावांची यादी निघते. नाशिकची बरीचशी कारखानदारी वाहनं आणि विजेची उपकरणं यांवर उभी आहे. त्यामुळे एका मोठ्या कंपनीने उत्पादन आवरलं की तिला सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरकडच्या मशिनीही थांबतात. २०१९ ची वाहन मंदी आणि २०२० ची टाळेबंदी ज्यांनी इथे काढली त्यांना हे सांगायला नको.

नोकरी जाते तेव्हा माणूस घाबरतो आणि घाबरून दोन गोष्टी लगेच करून टाकतो. एचआरने पुढे सरकवलेल्या कागदावर सही करतो आणि कुठल्यातरी क्लासची फी भरून येतो. या दोन्हींची घाई नडते. क्रम असा ठेवा : पहिल्या आठवड्यात कागद, त्याच महिन्यात पैशाची सोय, मग कंपन्यांच्या गेटवर चौकशी, आणि त्या चौकशीत जे कळेल त्यावरून शिक्षण. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि हातात फक्त एक प्रमाणपत्र उरतं.

सही करण्याआधी

‘राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील, पुढच्या कंपनीत अडचण येणार नाही.’ हे वाक्य नाशिकच्या कितीतरी कामगारांनी ऐकलेलं आहे. कंपनीला माणूस कमी करायचा असेल तर त्याला कायद्यात कपात म्हणतात आणि कपातीची नोटीस व भरपाई द्यावी लागते. राजीनामा दिला की ती कपात राहत नाही. भरपाई गेली, आणि ईएसआयकडून (कामगार विमा योजनेकडून) मिळू शकणारा बेकारी भत्ताही अडचणीत आला. म्हणून तुमची स्वतःची इच्छा नसेल तर राजीनामा लिहू नका. ‘कागदाची झेरॉक्स द्या, घरी वाचून दोन दिवसांनी सांगतो,’ एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दबावाखाली सही झालीच असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : अमुक तारखेला, अमुक खोलीत, अमुक अधिकाऱ्यांसमोर माझ्याकडून सही घेतली, ती माझ्या मर्जीने नव्हती. त्याची प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात द्या आणि पोच घ्या. महिन्याभराने लिहिलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.

व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, वेगळी. तिथे कंपनी ठरावीक रक्कम देऊ करते. ती घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी कपात झाली असती तर किती मिळालं असतं याच्याशी ती रक्कम ताडून बघा. ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम) व्हीआरएसच्या रकमेत धरलेली आहे की वेगळी मिळणार, हा प्रश्न लेखी विचारा. तिथे बऱ्याच जणांची गफलत होते.

आणखी एक विचारून घ्या : तुम्हाला नेमकं काय केलंय? ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरतं थांबलं, नोकरी चालू आहे. त्या काळात पात्र कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कपात म्हणजे नोकरी संपली. क्लोजर म्हणजे कंपनीच बंद. शिस्तभंगाची कारवाई असेल तर आरोपपत्र आणि चौकशी लागते. तोंडी ‘ब्रेक’ दिला असेल तर व्हॉट्सअॅपवर साधा प्रश्न टाका : ‘साहेब, मला कधीपासून आणि कोणत्या कारणाने कामावर घेतलं जात नाहीये?’ उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तरी तुमचा प्रश्न तारखेसह राहतो.

गेट पास जमा करण्याआधी हे हाताशी असू द्या : नेमणूकपत्र, शेवटच्या किमान सहा महिन्यांच्या पगारपावत्या, ओळखपत्राचा फोटो, यूएएन (पीएफचा कायमचा) क्रमांक, ईएसआयचा विमा क्रमांक, हजेरीची माहिती आणि कंपनीकडून घेतलेले ट्रेनिंगचे दाखले. पगारपावती कंपनीच्या अॅपवर असेल तर आजच डाउनलोड करा. लॉगिन बंद झालं की पावत्याही गेल्या. अनुभवाचा दाखला मागताना त्यात फक्त ‘ऑपरेटर’ न लिहिता कोणत्या मशिनवर काम केलं ते लिहून मागा. पुढे तो फार उपयोगी पडतो.

हिशोब स्वतः मांडा

कंपनी देईल तो आकडा डोळे झाकून घेऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि जुन्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. कपातीचं मूळ सूत्र मात्र तेच राहिलं : किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा नोटिशीऐवजी पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटच्या अपूर्ण वर्षाचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात. सलग सेवा म्हणजे साधारणपणे १२ महिन्यांत २४० दिवस काम. सात-आठ महिन्यांनी ब्रेक देण्याची पद्धत का पडली ते यावरून कळतं.

उदाहरण घ्या. सेवा १२ वर्षे ८ महिने, म्हणजे १३ वर्षे. धरायचा मासिक पगार १५,६०० रुपये. ग्रॅच्युइटी काढताना पगाराला २६ ने भागतात : ६०० रुपये रोज, गुणिले १५, गुणिले १३, म्हणजे १,१७,००० रुपये. कपातीच्या भरपाईत २६ ने भागायचं की ३० ने, यावर वाद होतात. ३० ने भागलं तर रोज ५२० पडतो आणि भरपाई १,०१,४०० होते. दोन भागाकारांत बरोबर एका महिन्याच्या पगाराचा फरक पडला. म्हणून हिशोबाचा कागद मागा आणि कंपनीने कशाने भागलंय ते तपासा.

ग्रॅच्युइटी परमनंट कामगाराला पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षाच्या सेवेवरही प्रमाणात ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. करारावर असाल तर हे जरूर बघा, कारण ही गोष्ट कोणी आपणहून सांगणार नाही. शिल्लक पगार, कामावरून कमी केल्यावर, दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, असं वेतन संहिता सांगते. कपात झालेल्या कामगारासाठी कंपनीने १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची, अशीही तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आहे. हिशोबाच्या पत्रात या रकमेची मागणी एका ओळीत लिहून ठेवा.

पैसे घ्यायचे, पण आकडा मान्य नाही अशी वेळ आली तर पावतीवर ‘रक्कम तक्रार राखून स्वीकारली’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा, तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा.

ठेकेदाराकडच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं : ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. तक्रारीत दोघांचीही नावं घाला. ठेकेदार फोन उचलत नाही म्हणून गप्प बसलेले अनेक जण हक्काचे पैसे सोडून देतात.

वाद मिटत नसेल तर कामगार उपायुक्तांकडे लेखी अर्ज करा. तिथे दोन्ही बाजूंना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो. कामावरून काढल्याच्या वैयक्तिक वादात या अर्जापासून ४५ दिवसांनंतर तुम्ही थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकता, मात्र नव्या संहितेत त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. कंपनीत युनियन असेल तर पहिला फोन अर्थातच तिथे.

पीएफ : सगळा काढू नका

नोकरी गेल्यावर पीएफकडे हात जातोच. वाईट काही नाही, तो त्याचसाठी आहे. पण पीएफमध्ये दोन कप्पे असतात. एक तुमच्या शिल्लक रकमेचा, दुसरा पेन्शनचा. घाईत लोक दोन्ही रिकामे करतात.

पेन्शनचा कप्पा मोडू नका असं मी आग्रहाने सांगेन. एकूण १० वर्षांची पेन्शनपात्र सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून दरमहा पेन्शन मिळते. तुमची सात वर्षं झाली असतील आणि तुम्ही फॉर्म १०सी भरून ती रक्कम काढली, तर पुढच्या कंपनीत पुन्हा शून्यापासून मोजणी. त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट (झालेली सेवा पुढे धरली जाईल असा दाखला) घेता येतं. नवी नोकरी लवकर लागणार असेल तर खातं तसंच ठेवा आणि त्याच यूएएनवर पुढे ट्रान्सफर करा.

शिल्लक रकमेचे नियम बदलत आहेत. आधी एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच काढता येतील, २५ टक्के खात्यात राहतील आणि पूर्ण रक्कम १२ महिन्यांच्या बेकारीनंतर मिळेल. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर कोणता पर्याय उघडतो ते बघूनच घरखर्चाचं गणित करा. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर टीडीएस (आगाऊ आयकर) कापतात; पॅन जोडलेलं नसेल तर जास्त कापतात.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा क्षुल्लक कारणांनी. आधारवर आणि पीएफमध्ये नावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारखेत फरक, बँक खातं बंद पडलेलं, किंवा कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. शेवटची अडचण तुम्ही स्वतः सोडवू शकता. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की यूएएन पोर्टलवर ‘डेट ऑफ एक्झिट’ स्वतः नोंदवता येते. तिथे नोकरी सुटल्याचं कारण निवडताना मात्र जपा.

ईएसआय : बेकारी भत्ता आणि दवाखाना

पगार २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांचा ईएसआय कापला जातो. पावतीवर ती कपात वर्षानुवर्षं दिसते, पण नोकरी गेल्यावर त्यातून काय मिळतं हे फार थोड्यांना माहीत असतं.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. त्यात सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आयुष्यात एकदाच मिळते. विमा असलेली नोकरी किमान दोन वर्षं असावी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी. गैरवर्तनामुळे काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती लागू नाही. अर्ज ईएसआयसीच्या पोर्टलवर, आधार आणि बँक खात्यासह करायचा. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे शाखा कार्यालयात जाऊन ती सध्या चालू आहे ना हे विचारून घ्या.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कंपनी बंद पडली किंवा कायदेशीर कपात झाली तर हिच्यात भत्ता जास्तीत जास्त २४ महिने मिळू शकतो, पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. त्या काळात कुटुंबाचा औषधोपचारही चालू राहतो. कपातीचा किंवा क्लोजरचा लेखी कागद इथे सोन्याचा ठरतो. राजीनाम्याबद्दल वर एवढं लिहिलं ते याचसाठी.

दवाखान्याचं असं आहे की काम सुटलं म्हणून कार्ड त्याच दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. घरात बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा नियमित औषधं असतील तर तुमचा लाभकाळ कधी संपतो हे सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात किंवा तुमच्या दवाखान्यात विचारा आणि जमेल ते उपचार आधी उरकून घ्या. त्यानंतरसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण तिच्यात मिळतं.

घरात सांगा, आणि बँकेतही

पाळीच्या वेळेला डबा घेऊन घरातून निघायचं आणि दिवसभर कुठेतरी बसून परत यायचं, असं करणारे लोक आपल्याच गल्लीत असतात. लाज वाटते, मुलांसमोर ओशाळायला होतं, सासरच्यांना कळेल याची धास्ती असते. तरी पहिल्याच आठवड्यात घरात सांगा. खर्च कुठे कापायचा हे एकट्याने ठरत नाही आणि नोकरीची पहिली बातमी बऱ्याचदा बायकोच्या बचत गटातून नाहीतर मेव्हण्याच्या कंपनीतून येते. रात्र रात्र झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काहीच नाही.

हप्त्यांचं काम हप्ता चुकण्याआधी करायचं. घरकर्जाच्या बँकेत कपातीचं पत्र घेऊन जा, काही महिने फक्त व्याज भरू द्या किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करा असा लेखी अर्ज द्या. बँक हो म्हणेलच असं नाही, पण थकल्यावर गेलेल्या माणसापेक्षा तुमचं म्हणणं जास्त ऐकलं जातं. कामगार सोसायटीचं कर्ज असेल तर जामीनदारांना स्वतः जाऊन सांगा. त्यांच्या पगारातून कपात सुरू झाल्यावर कळलं तर वर्षांची मैत्री जाते. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोबाइल अॅपवरचं झटपट कर्ज मात्र अजिबात घेऊ नका. त्यापेक्षा सोनं तारण ठेवलेलं परवडतं.

आता गेटवर

इथून खरं काम सुरू होतं. ऑनलाइन अर्ज भरत घरी बसण्यापेक्षा बायोडाटाच्या पंधरा-वीस झेरॉक्स घेऊन सकाळी बाहेर पडा. अंबडमध्ये एक्सलो पॉइंट आणि गरवारे पॉइंटच्या बाजूच्या गल्ल्या, सातपूरमध्ये महिंद्रा सर्कल ते पपया नर्सरीचा पट्टा, छोट्या गाळ्यांचे भाग. मोठ्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी बायोडाटा ठेवून घेते आणि विषय संपतो. पंचवीस-तीस माणसांच्या युनिटमध्ये मालक किंवा सुपरवायझर स्वतः भेटतो आणि ‘उद्या ट्रायलला या’ असं तिथल्या तिथे ठरतं. नाशिकमध्ये हाताला काम येत असलेल्या माणसाची पुढची नोकरी बहुतेक वेळा अशाच युनिटमध्ये असते.

शहराबाहेरही बघा. सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगावच्या वसाहती, गोंदे-वाडीवऱ्हे, दिंडोरीकडे तळेगाव-अक्राळे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून सिन्नर-इगतपुरी पट्ट्यात गोदामं आणि वाहतुकीच्या कामाकडेही लक्ष ठेवावं. लांब जायचं तर कंपनीची बस आहे का, कुठून सुटते आणि रात्रपाळीनंतर परत सोडते का हे पगाराआधी विचारा. सिडकोतून रोज दुचाकीने सिन्नरला जाणं पावसाळ्यात अवघड पडतं आणि पेट्रोलचा खर्च पगारातूनच जातो.

गेटवर फक्त ‘जागा आहे का’ एवढं विचारून परत फिरू नका. दोन प्रश्न आणखी विचारा : ‘तुम्हाला कोणत्या कामाला माणूस मिळत नाही?’ आणि ‘माझ्यात काय कमी पडतंय?’ उत्तरं वहीत लिहा. दहा-बारा युनिटमधून एकच उत्तर दोन-तीनदा आलं की तुमचा कोर्स ठरला.

सोबत राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी करा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून रोजगार मेळावे होतात, त्यांची सूचना महास्वयमवर येते. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांकडेही बायोडाटा देऊन ठेवा. जुन्या सहकाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप सगळ्यात कामाचा, तो सोडू नका.

पैसे घेऊन नोकरी देणाऱ्यापासून लांब राहा. ‘परमनंट करून देतो’, ‘युनिफॉर्मचे पैसे भरा’, ‘डिपॉझिट परत मिळेल’ यांतलं काहीही ऐकू आलं की उठून या. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

मग कोर्स

पंधरा वर्षं मशिनवर घालवलेल्या माणसाला नव्याने सगळं शिकावं लागत नाही. त्याला एक पायरी वर चढायची असते. सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनचे) ऑपरेटर असाल तर सेटर व्हा : टूल ऑफसेट, प्रोग्रॅममधली दुरुस्ती, पहिला पीस पास करणं. टर्निंगवाल्याने व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) शिकावं. कन्व्हेन्शनल लेथवर आयुष्य गेलेल्याचा हात टूलरूम आणि मेंटेनन्समध्ये लागतो, फक्त त्याला ड्रॉइंग नीट वाचता आलं पाहिजे. वेल्डरने पोझिशन वाढवावी. पाइपच्या ६जी पोझिशनची चाचणी पास झालेल्या वेल्डरला साध्या फॅब्रिकेशनवाल्यापेक्षा चांगला रोज मिळतो आणि बाहेरगावची कामंही मिळतात. इन्स्पेक्शनमधल्यांनी ड्रॉइंगवरच्या भौमितिक टॉलरन्सच्या खुणा आणि गेज कॅलिब्रेशन पक्कं करावं.

विजेच्या बाजूला नाशिकची जुनी ओळख आहे. स्विचगिअर आणि पॅनेलची कामं इथे अनेक युनिटमध्ये चालतात. असेंब्ली लाइनवर काम केलेल्या मुला-मुलींनी पॅनेल वायरिंग शिकलं, कंट्रोल ड्रॉइंग वाचायला शिकलं, तर नवी जागा मिळायला सोपं जातं. मेंटेनन्स इलेक्ट्रिशियनने पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची) तोंडओळख करून घ्यावी. आयटीआय इलेक्ट्रिशियन असूनही वायरमनचा परवाना काढला नसेल तर तो आधी काढा. ठेकेदारीच्या कामांत तोच विचारतात. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र, फोर्कलिफ्ट चालवण्याचं प्रशिक्षण, अवजड वाहनाचं लायसन्स हेही असेच कागद आहेत, ज्यांच्यावाचून गेटच्या आत घेत नाहीत.

कोर्स कुठे करावा? आधी सरकारी. त्र्यंबक रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये अल्प मुदतीचं कोणतं प्रशिक्षण चालू आहे ते जाऊन विचारा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची केंद्रं मोफत शिकवतात. तिथे ‘पूर्व कौशल्य मान्यता’ विचारा : ज्याला काम येतं पण हातात कागद नाही, त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. दहावीनंतर थेट कारखान्यात शिरलेल्यांसाठी ही फार चांगली सोय आहे. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. सुपरवायझरच्या जागेला पदवी किंवा पदविका मागतात तेव्हा काम करत करत ती तिथून घेता येते.

खासगी क्लास लावायचाच तर फी भरण्याआधी तीन गोष्टी बघा. मशीन किती आहेत आणि एका मशीनवर किती मुलं उभी असतात. गेल्या तुकडीतल्या दोघा-तिघांचे फोन नंबर मिळतात का. मिळाले तर त्यांना फोन करा. आणि ज्या युनिटने ‘हे शिकून या’ म्हटलं होतं, त्यांना क्लासचं नाव सांगून विचारा. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ लिहिलेला फलक दिसला तर ती गॅरंटी लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. पीएफ किंवा ग्रॅच्युइटीतून मोठी फी भरू नका.

शिकत असताना घर चालायला हंगामी काम हलकं समजू नये. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम. दिंडोरी-निफाडच्या पॅकहाउसमध्ये ग्रेडिंग, पॅकिंग, कोल्ड स्टोअरेजची कामं निघतात आणि रेफ्रिजरेशनची दुरुस्ती येणारा माणूस तर तिथे हवाच असतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, वीज, पाणी, तंबू अशी कामं चालू आहेत. ती तात्पुरती आहेत हे ध्यानात ठेवून घ्या आणि त्या काळातही आठवड्यातला एक दिवस गेटसाठी मोकळा ठेवा.

बायोडाटा आणि ट्रायल

एक पान पुरे. ‘मेहनती, प्रामाणिक’ असं लिहिण्यात जागा घालवू नका. असं लिहा : ‘सीएनसी टर्निंग, फॅनक कंट्रोल, ९ वर्षे. शाफ्ट आणि बुश, टॉलरन्स २० मायक्रॉन. इन्सर्ट बदलणे, ऑफसेट देणे स्वतः करतो. मायक्रोमीटर, बोअर गेज वापरतो.’ वाचणाऱ्या सुपरवायझरला तुमच्याबद्दल सगळं कळलं. नोकरी का सुटली याचं उत्तर सरळ द्या : ऑर्डर कमी झाल्या, इतक्या जणांना कमी केलं. जुन्या कंपनीला शिव्या घालू नका.

ट्रायलला आपले सेफ्टी शूज घालून जा, स्वतःचं व्हर्निअर असेल तर न्या. मशीन चालू करण्याआधी ड्रॉइंग मागा. ही एकच गोष्ट अनुभवी माणूस ओळखायला पुरते. ट्रायल एक दिवसाची असते. आठवडाभर फुकट राबवून घेत असतील तर पगाराचं बोला.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी उत्पादनाच्या लाइनवर पंचविशीच्या पोराशी स्पर्धा करू नये. स्टोअर, मेंटेनन्स, टूलरूम, क्वालिटी, शिफ्ट सुपरवायझर या जागांवर वयाचा फायदा होतो. लहान युनिटच्या मालकाला दुकान सांभाळणारा भरवशाचा माणूस हवा असतो. पगार थोडा कमी मिळेल. पहिल्या वर्षी तो घ्यावा, असं माझं मत आहे, कारण चालू नोकरीतून दुसरी नोकरी शोधणं घरी बसून शोधण्यापेक्षा सोपं जातं.

स्वतःचा धंदा करायचा विचार असेल तर आधी आयटीआय सिग्नलजवळच्या उद्योग भवनातल्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि पंतप्रधानांचा रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन्हींत बँकेच्या कर्जावर प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, प्रवर्ग आणि ठिकाण बघून. उद्यम नोंदणी मोफत असते, तिचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. कामगाराने ज्या मालाचा जॉबवर्क वर्षानुवर्षं स्वतः केलाय तोच करावा, आणि मशीन घेण्याआधी किमान एका पार्टीकडून कामाचा लेखी शब्द घ्यावा. भरपाईची सगळी रक्कम हॉटेल किंवा दुकानात घालू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून जे उरेल त्याचाच विचार करा.

नवी नोकरी लागल्यावर

रुजू होताना नेमणूकपत्र मागा. नव्या संहितांनुसार ते द्यायलाच लागतं. त्यावर पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि तुम्ही कंपनीच्या पटावर आहात की ठेकेदाराच्या, हे बघा. जुनाच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. दोन यूएएन झाले की जुनी सेवा जोडण्यात महिने जातात. ईएसआयचा जुना विमा क्रमांकही तोच चालतो.

दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून वर्गणी जमा होतेय का ते पाहा. पगारातून कापलेत पण खात्यात आलेले नाहीत असं दिसलं तर एचआरला लगेच लेखी विचारा आणि उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा. जुन्या कंपनीकडची ग्रॅच्युइटी किंवा भरपाईची तक्रार चालू असेल तर ती नवी नोकरी लागली म्हणून सोडू नका. तारखेला जाता येत नसेल तर युनियनच्या प्रतिनिधीला किंवा वकिलाला लेखी अधिकार द्या आणि पुढची तारीख प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवा.